ठिपक्याला वळसा

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत दिवस उजाडतो तो झाडूच्या आवाजाने. दारापुढची जागा झाडून घेतात, पाण्याचा किंवा शेणाचा सडा पडतो, आणि जमीन ओलसर असतानाच तांदळाच्या पिठाची चिमूट खाली सुटू लागते. आधी ठिपके. तमिळमध्ये त्यांना पुळ्ळी म्हणतात. वाकलेली बाई एका दमात सरळ ओळीत ठिपके टाकत जाते, मोजपट्टी नाही की दोरी नाही, तरी दोन ठिपक्यांतले अंतर तसूभरही बदलत नाही. मग सुरू होते कंबी, म्हणजे रेघ. ती एका ठिपक्याच्या डावीकडून निघते, पुढच्याच्या उजवीकडून जाते, कोपऱ्यावरच्या ठिपक्याला वळसा घालून परत फिरते, स्वतःलाच अनेकदा ओलांडते आणि शेवटी निघाली त्याच जागी येऊन मिळते. एकाही ठिपक्याला ती शिवत नाही.

याला सिक्कू कोलम म्हणतात. सिक्कू म्हणजे गुंता.

महाराष्ट्रात ठिपक्यांची रांगोळी पाहत वाढलेल्या डोळ्यांना हा फरक पहिल्यांदा जाणवतो तेव्हा क्षणभर चुकल्यासारखे होते. आपल्याकडे ठिपका असतो तो जोडण्यासाठी. पंधरा ते आठ ठिपके काढायचे आणि एकातून दुसऱ्यात रेघ नेत कमळ, कासव, पणती उभी करायची. चित्र पुरे झाले की ठिपका रेघेत विरून जातो. तंजावरच्या दारात ठिपका शेवटपर्यंत मोकळा उरतो, प्रत्येकाला स्वतःचे छोटेसे अंगण मिळते, आणि रेघेचे सगळे काम त्याच्या भोवतीने चालते. ही दोन रीतींमधली बारीकशी निवड आहे, पण विसाव्या शतकातल्या भूमितीच्या एका मोठ्या शाखेने नेमकी हीच निवड केली. अवघड बिंदूला हात लावायचा नाही, त्याच्याभोवती एक फेरी मारायची आणि त्या फेरीवरून बिंदूचा स्वभाव ओळखायचा. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत, आणि त्यांतल्या दुसरीचा बराचसा भाग मुंबईत आणि पुण्यात घडलेला आहे.

आधी कोलमच्या इतिहासाविषयी. तंजावर हे लिहून ठेवणाऱ्यांचे गाव. व्यंकोजीराजांपासून १८५५ साली गेलेल्या दुसऱ्या शिवाजीराजांपर्यंत भोसल्यांनी इथे राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते आणि मोडी कागदांचे ढीग आहेत. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. याच सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक लिहिले आणि त्यातून जगाचा भूगोल सांगितला. दगड, ताडपत्र, कागद, रंगभूमी, सगळ्यांवर या गावाने काही ना काही नोंदवले. दारापुढचा कोलम मात्र ज्या वस्तूने लिहिला जातो ती वस्तू संध्याकाळपर्यंत मुंग्या आणि चपला घेऊन जातात. त्यामुळे चालीच्या जुनेपणाचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागतो. तमिळ संतकवयित्री आंडाळच्या ‘नाच्चियार तिरुमोळी’त जमीन सारवून मंडल काढण्याचा आणि बारीक वाळूने रस्ता सजवण्याचा उल्लेख येतो, म्हणजे दारापुढे आकृती काढण्याची रीत हजार वर्षांहून जुनी आहे. पण ती आकृती नेमकी कशी होती, रेघ ठिपक्यांतून जात होती की भोवतीने, हे त्या ओळींतून कळत नाही.

छापील नोंद फार उशिरा आली. १९२९ साली लंडनच्या ‘मॅन’ या नियतकालिकात एच. ज्ञान दुराई यांनी मद्रास इलाख्यातल्या कोलमवर एक छोटे टिपण लिहिले. १९३७ मध्ये जॉन लेयर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने ‘फोकलोर’मध्ये उंबरठ्यावरच्या आकृत्या आणि गोंदण यांचा एकत्र विचार केला. त्याला त्यांत चक्रव्यूहाचे विधी दिसले. बायकांकडे मात्र या काळात आपले स्वतःचे दप्तर होते, ते म्हणजे कोलमची वही. आईने वहीत काढून दिलेले नमुने, शेजारणीकडून उतरवलेले, मासिकातून कापून चिकटवलेले. त्या वहीत नमुन्याशेजारी बहुधा एकच माहिती असते, ती म्हणजे ठिपक्यांचा हिशेब. किती ओळी, प्रत्येक ओळीत किती पुळ्ळी, आणि ठिपके एकाखाली एक आहेत की खालची ओळ दोन ठिपक्यांच्या मधोमध सरकलेली आहे. बाकी सगळे हाताला ठाऊक असते.

हाताला काय ठाऊक असते, हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गिफ्ट सिरोमनी यांनी. तांबरमच्या त्या कॉलेजात ते, त्यांच्या पत्नी राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी मिळून १९७४ साली ‘ॲरे ग्रामर अँड कोलम’ हा निबंध प्रसिद्ध केला. संगणकाच्या भाषेला जसे व्याकरण असते तसे कोलमला लावून पाहता येते का, हा त्यांचा विषय होता. थोड्या नियमांतून लहान कोलम तयार होतो आणि तेच नियम पुन्हा लावले की मोठा. पुढे सिरोमनींनी कोलम काढणाऱ्या बायकांच्या हाताच्या चाली न्याहाळल्या. सरळ जाणे, अर्धे वळण, पूर्ण वळसा, स्वतःला ओलांडणारा फास, अशा मोजक्या चालींची माळ म्हणजे कोलम. पाहणाऱ्याला तो चित्र म्हणून दिसतो, काढणारीच्या लक्षात तो चालींच्या क्रमाने राहतो. सिरोमनी १९८८ मध्ये गेले. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ग्रंथात कंबी कोलमवरचा त्यांचा शेवटचा सामायिक निबंध आहे. ज्या गोष्टीकडे शास्त्रज्ञ म्हणवणाऱ्यांनी घरकाम म्हणून पाहिले होते तिच्याकडे या माणसाने आयुष्यातली बरीच वर्षे मनापासून पाहिले, आणि कोलमच्या इतिहासात त्याचे नाव ठळक अक्षरांत यायला हवे.

आता प्रत्यक्ष कोलम हातात घेऊ. सगळ्यात साध्या जातीचा, म्हणजे ठिपके सरळ रांगा-स्तंभांत, आणि रेघ प्रत्येक दोन शेजारी ठिपक्यांच्या मधून तिरपी जाणारी, कडेला पोचली की वळून आत येणारी. कॅरमच्या बोर्डावर सोंगटी जशी कडेवर आपटून परत येते तशी.

दोन ओळी, दोन स्तंभ, चार ठिपके. रेघ सोडली की ती दोनच ठिपक्यांना घेऊन परत निघाल्या जागी येते. उरलेल्यांसाठी दुसरी रेघ घ्यावी लागते. दोन लांबट कडी एकमेकांवर आडवी पडतात, चार ठिकाणी ओलांडतात. तीन बाय तीन घेतले तर तीन रेघा लागतात. एक मधली चौकोनी आणि दोन तिरप्या, एकमेकींत घुसलेल्या. आणि तीन बाय चार? बारा ठिपके, सतरा ओलांडण्या, आणि रेघ एकच. चिमूट एकदा टेकवली की सगळ्या ठिपक्यांना वळसे घालून, प्रत्येक ओलांडणीवरून दोनदा जाऊन, ती सुरुवातीला येऊन मिळते. चार बाय सहाला दोन लागतात. पाच बाय सातला एक.

नियम शाळेतला आहे. ओळी आणि स्तंभ यांचा मसावि काढा, तेवढ्या रेघा. मोझांबिकमध्ये राहून काम केलेले गणिती पाउलुस गेर्डेस यांनी अंगोलाच्या चोक्वे लोकांच्या वाळूवरच्या ‘सोना’ आकृत्यांत हाच नियम पाहिला आणि तमिळ कोलमशी त्यांची तुलना केली. कारण दोन्हीकडे एकच. कडेवर आपटून फिरणारी रेघ कडेच्या आरशात उलगडली की सरळ होते, आणि सरळ रेघ किती फेऱ्यांनी स्वतःला येऊन मिळेल हे दोन आकड्यांच्या सामाईक विभाजकावर ठरते.

पण तंजावरच्या बाईला तीन बाय तीनमध्ये तीन रेघा नको असतात. अखंड एका रेघेचा कोलम मानाचा. मग ती काय करते? एखाद्या ओलांडणीपाशी रेघ ओलांडू देत नाही, दोन्ही बाजूंनी वळवून घेते. दोन वेगळ्या रेघा जिथे एकमेकींना ओलांडत होत्या तिथे असे वळण दिले की त्या हमखास जोडल्या जातात आणि दोनाची एक होते. तीनाची एक करायला कमीत कमी दोन ठिकाणी असे वळवावे लागते, पाचाची एक करायला चार ठिकाणी. हे कुणी सूत्र म्हणून शिकवत नाही. बोटांना कळते की इथे सोडवले तर पुढे मोकळे होईल.

हा मसावि दुसऱ्या एका ठिकाणी जसाच्या तसा भेटतो, आणि त्यासाठी तंजावरच्याच एखाद्या उपाहारगृहातला मेदुवडा समोर ठेवणे सोयीचे पडेल.

एक समीकरण घ्या: यचा वर्ग बरोबर क्षचा घन. आलेखाच्या कागदावर (१, १), (४, ८) आणि त्यांच्या खालच्या बाजूचे (१, −१), (४, −८) हे बिंदू त्यात बसतात. वक्र काढला की वरची आणि खालची अशा दोन शाखा उजवीकडून येऊन शून्यापाशी मिळतात आणि तिथे काट्यासारखे टोक होते. बाकी सगळीकडे वक्र गुळगुळीत, त्या एका बिंदूवर मात्र टोकदार. गणितात अशा जागेला सिंग्युलर बिंदू म्हणतात. न्यूटनने १६७६ च्या आपल्या पत्रात अशा जागांपाशी काय करावे याची युक्ती सांगितली होती, आणि पुढची दोनशे वर्षे लोक त्या बिंदूच्या आत शिरून घातांकांचा हिशेब करत राहिले.

भोवतीने जायची कल्पना व्हिएन्नाच्या विल्हेल्म वर्टिंगर यांची. १९०५ च्या सुमारास त्यांनी ती मांडली, आणि त्यांच्या विद्यार्थ्याने, कार्ल ब्राउनरने, १९२८ मध्ये ती सविस्तर लिहिली. त्यांनी क्ष आणि य यांना संमिश्र संख्या होऊ दिले. संमिश्र संख्येला लांबीबरोबर कोनही असतो, म्हणून ती एका वर्तुळावर फिरू शकते. मग शून्याभोवती एक बारीक गोल आखला आणि वक्र त्या गोलाला कुठे कापतो ते पाहिले. कापणी बंद दोऱ्याच्या आकाराची निघाली. क्ष हा टचा वर्ग आणि य हा टचा घन असे धरले, तर ट एक फेरी मारेपर्यंत क्षच्या दोन फेऱ्या होतात आणि यच्या तीन. मेदुवड्यावर दोरा गुंडाळायला घ्या. वड्याच्या कडेने दोनदा फिरेपर्यंत दोरा भोकातून तीनदा आत-बाहेर गेला पाहिजे, मग दोन्ही टोके जोडा. वडा खाऊन टाकला तरी दोरा सुटत नाही. तीन पाकळ्यांची ती पक्की गाठ असते.

कागदावर जे केवळ एक टोक दिसत होते त्याच्याभोवती गाठ होती. दोन आकडे बदलून पाहिले की मसावि आपसूक बाहेर येतो. क्षचा तिसरा घात आणि यचा चौथा घात समान असे समीकरण घेतले, तर त्या बिंदूभोवती एकच दोरा निघतो, गाठ मारलेला. तीन आणि तीन घेतले तर तीन दोरे, एकमेकांत अडकलेली तीन कडी. दोन आणि दोन घेतले तर दोन कडी, साखळीच्या दोन दुव्यांसारखी. कोलममधली साधी ओलांडणी म्हणजे दोन रेघांची फुली, तिच्याभोवती संमिश्र जगात हीच दोन कडी असतात. बारा ठिपक्यांचा एकरेघी कोलम आणि तीन-चारच्या समीकरणाभोवतीची एकदोरी गाठ यांच्यामागे एकच हिशेब आहे.

यावरून ‘हे सगळे आपल्याकडे आधीच ठाऊक होते’ असे म्हणायचा मोह होईल. तो टाळायला हवा, कारण त्याने दोन्हीकडच्या कामाची किंमत कमी होते. कोलम काढणारीला संमिश्र संख्या नको होत्या आणि ब्राउनरला तांदळाचे पीठ. दोघांनी वेगवेगळ्या निकडीतून रेघ फिरवली, आणि रेघ फिरवण्याचे काही कायदे असे आहेत की ते व्हिएन्नात आणि तंजावरात सारखेच लागू पडतात.

भोवतीने जाण्याची ही रीत पूर्ण शास्त्र झाली ती जॉन मिल्नरच्या हातात. १९६८ साली प्रिन्स्टनहून त्याचे छोटे पुस्तक निघाले, एका बहुपदीने ठरणाऱ्या संमिश्र आकारांवरच्या सिंग्युलर बिंदूंविषयीचे. त्यात त्याने प्रत्येक एकट्या सिंग्युलर बिंदूला एक आकडा दिला. समीकरण शून्याऐवजी अगदी बारीक आकड्याइतके केले की टोक बोथट होते आणि त्या जागी एक गुळगुळीत तुकडा उरतो. त्या तुकड्यात किती स्वतंत्र फास उरतात, तो मिल्नरचा आकडा. यवर्ग-क्षघन या टोकाच्या जागी मेदुवड्याच्या पृष्ठभागातून एक चकती कापून काढल्यावर उरेल तसा तुकडा येतो, आणि त्यावर दोन स्वतंत्र फास असतात, एक कडेने जाणारा, दुसरा भोकातून. म्हणून आकडा दोन.

त्याआधी, १९६१ मध्ये, डेव्हिड ममफर्डने पृष्ठभागांविषयी एक देखणा निकाल दिला होता. संमिश्र पृष्ठभागावर एखाद्या बिंदूभोवतीचा प्रत्येक फास आक्रसून टिंबाएवढा होत असेल, तर तो बिंदू सिंग्युलर नाहीच, साधाच आहे. थोडी सामान्यपणाची अट त्यात आहे, पण मथितार्थ हाच. फेरी मारली आणि काही अडकले नाही, तर आत काही नाही. मग १९६६ मध्ये एगबर्ट ब्रिस्कॉर्नने दाखवले की वरच्या मितींत असा भरवसा धरता येत नाही. तिथे सिंग्युलर बिंदूभोवतीही साधा गोल सापडू शकतो, आणि कधी तो गोल असून गोलाच्या नेहमीच्या जातीचा नसतो. सात मितींच्या गोलाच्या, नेहमीची धरून, अठ्ठावीस जाती आहेत. ब्रिस्कॉर्नच्या एकाच धाटणीच्या समीकरणात एक घातांक बदलत गेले की अठ्ठावीसही हाती येतात.

आणि इथे गोष्ट कुलाब्याला येते.

रामानुजन म्हटले की तंजावरजवळच्या कुंभकोणमची सारंगपाणी सन्निधी गल्ली आणि तिथले ते छोटे घर डोळ्यांपुढे येते. हे नाव मात्र ‘म’कारान्त आहे. सी. पी. रामानुजम यांचा जन्म ९ जानेवारी १९३८ चा, मद्रासचा. लोयोला कॉलेजात फादर रसीन या फ्रेंच जेझुइट शिक्षकाकडे ते शिकले. १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. सुरुवात संख्या-सिद्धांतातून झाली. पुढे शाफारेविच आणि ममफर्ड यांची व्याख्याने संस्थेत झाली तेव्हा त्यांची टिपणे रामानुजम यांनी घेतली, आणि नुसती उतरवली नाहीत, दुरुस्त केली, भर घातली. ममफर्डच्या ‘आबेलियन व्हरायटीज’ या ग्रंथावर त्यांचे नाव त्यासाठी आहे. दुसऱ्याचे बोलणे इतक्या निष्ठेने लिहून काढणारा माणूस स्वतःही त्याच उंचीचे गणित करतो, हे फार कमी वेळा दिसते.

१९७१ साली ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात फेरी बिंदूभोवतीची नसून अनंताभोवतीची आहे. एक गुळगुळीत संमिश्र पृष्ठभाग आहे, तो पूर्णपणे आक्रसून टिंब होऊ शकतो. तो साधे प्रतलच आहे का? रामानुजम म्हणाले, दूर जा, अनंतापाशी फेरी मारा. तिथला प्रत्येक फास सुटत असेल तर ते प्रतल. सुटत नसेल तर नाही. आणि ‘नाही’ची शक्यता नुसती बोलण्यापुरती नाही हे दाखवायला त्यांनी तसा एक पृष्ठभाग बांधूनही दाखवला. आत पाहिले तर कुठेच अडथळा नाही, सगळे आक्रसते, आणि तरीही अनंताच्या कडेला एक फास अडकून राहतो. जगभर त्याला आज रामानुजम पृष्ठभाग म्हणतात. संस्थेतल्या राजेंद्र गुर्जर आणि अनंत शास्त्री यांनी १९८९ मध्ये याच जातीच्या पृष्ठभागांवर मोलाचे निबंध लिहिले.

दुसरा निबंध व्हिएतनामी गणिती ले दुंग त्रांग यांच्याबरोबरचा, थेट मिल्नरच्या आकड्याविषयीचा. समीकरणातले गुणक हळूहळू बदलत नेले, बिंदू सिंग्युलरच राहिला, आणि या सगळ्या बदलात मिल्नरचा आकडा हलला नाही, तर त्याच्याभोवतीची गाठही बदलत नाही. एका साध्या पूर्णांकावर पाळत ठेवली की अख्खी गाठ शाबूत असल्याची हमी मिळते. सिद्धतेत वरच्या मितींचे एक हत्यार वापरले आहे, ते नेमके पृष्ठभागांच्या मितीत चालत नाही, म्हणून तेवढी एक मिती प्रमेयातून वगळावी लागली. हा निबंध छापून आला १९७६ साली. रामानुजम तो पाहायला नव्हते. कितीतरी वर्षे त्यांना स्किझोफ्रेनियाने छळले होते. २७ ऑक्टोबर १९७४ रोजी बेंगळुरूत त्यांनी आयुष्य संपवले, छत्तिसाव्या वर्षी. गणिताच्या इतिहासात ही हानी किती मोठी होती ते त्यांच्या स्मरणग्रंथात ममफर्डसारख्यांनी लिहून ठेवले आहे.

ठिपक्याला वळसा घालणे सगळ्यांना मान्य होते असे नाही. श्रीराम अभ्यंकर उलट्या बाजूने निघाले. २२ जुलै १९३० चा त्यांचा जन्म, उज्जैनचा. वडील ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या विज्ञान संस्थेतून बीएस्सी करून ते हार्वर्डला झारिस्कींकडे गेले. अभ्यंकरांचा पिंड बीजगणिताचा. शाळेतल्या बहुपदी, न्यूटनची युक्ती, भास्कराचार्यांची ‘लीलावती’ हे त्यांचे भांडवल, आणि ते अभिमानाने तसे सांगत. सिंग्युलर बिंदूला त्यांनी थेट हात घातला. तो बिंदू काढून त्या जागी त्यातून जाणाऱ्या सगळ्या दिशा मांडायच्या, म्हणजे एकात अडकलेल्या शाखा वेगळ्या होतात. पुन्हा अडकल्या तर पुन्हा तेच. असे करत गेले की कधीतरी सगळे गुळगुळीत होते का? १९५६ मध्ये, पंचविशीत, त्यांनी पृष्ठभागांसाठी हे अशा संख्याजगात सिद्ध केले जिथे एखादी मूळ संख्या शून्य होऊन बसते आणि नेहमीची कलनाची हत्यारे बोथट पडतात. त्यांचे गुरू झारिस्कीही तिथे अडले होते. टी. टी. मोह यांच्याबरोबर १९७५ मध्ये त्यांनी आणखी एक निकाल दिला. सरळ रेघ बहुपदींनी वाकवून प्रतलात अशी बसवली की ती कुठे स्वतःला ओलांडत नाही आणि कुठे तिला टोक येत नाही, तर त्या दोन बहुपदींच्या घातांकांपैकी एकाने दुसऱ्याला निःशेष भाग जातोच. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले, आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकवत असतानाही ते तिथे येत राहिले. २ नोव्हेंबर २०१२ रोजी वेस्ट लाफायेटमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते गणितच करत होते.

या दोन वाटा पुन्हा एकत्र आल्या त्या एका साध्या रेघाचित्रात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर नॉर्बर्ट आकांपो आणि साबीर गुसेन-झादे या दोघांनी वेगवेगळे काम करून दाखवले की मिल्नरचा आकडा कागदावर नुसता मोजून काढता येतो. टोकदार वक्र किंचित हलवायचा, असा की सगळ्या शक्य ओलांडण्या कागदावर उघड होतील. मग ओलांडण्या मोजायच्या, रेघांनी बंदिस्त झालेली घरे मोजायची आणि बेरीज करायची. यवर्ग-क्षघनाचे टोक हलवले की एक फास पडतो. ओलांडणी एक, घर एक, बेरीज दोन. तीन-चारच्या समीकरणाला तीन ओलांडण्या आणि तीन घरे, बेरीज सहा. कोलमच्या वहीत बायका ठिपके मोजतात, इथे प्रत्येक घर म्हणजे एका ठिपक्याचे अंगण.

याच तीन-चारची रेघ पुढे मुंबईतल्या एका निबंधात गाठ होऊन आली. अनंत शास्त्रींनी १९९२ मध्ये दाखवले की कुठलीही गाठ तीन बहुपदी लिहून काढता येते, फक्त तिची दोन टोके अनंताकडे मोकळी सोडावी लागतात. अभ्यंकरांनी विचारलेल्या प्रश्नांची पार्श्वभूमी त्याला होती. तीन पाकळ्यांच्या गाठीसाठी त्यांनी दिलेल्या पहिल्या दोन बहुपदी अशा: टचा घन वजा तीन ट, आणि टचा चौथा घात वजा चार टवर्ग. तिसरी बहुपदी रेघ कुठे वरून आणि कुठे खालून जाईल एवढेच ठरवते, म्हणून ती बाजूला ठेवून पहिल्या दोहोंचेच चित्र काढता येते. ट शून्य धरला की दोन्ही शून्य. ट एक धरला की उणे दोन आणि उणे तीन. ट दोन केला की दोन आणि शून्य. उणे किमती घेतल्या की डावे-उजवे उलटते. दहाबारा बिंदू मांडून वक्र जोडला की रेघ वरून येते, तीन ठिकाणी स्वतःला ओलांडते, तीन बंद घरे करते आणि वर निघून जाते. एक ओलांडणी मधोमध खाली, शून्य आणि उणे तीनवर, दोन तिच्या डाव्या-उजव्या अंगाला. कडेला पोचून वळणारी, स्वतःला तिरपे छेदणारी, प्रत्येक घराला नेटका वळसा घालणारी. त्या तीन घरांत एकेक ठिपका ठेवला तर तंजावरच्या कुठल्याही बाईला ती ओळखीची वाटेल, आणि ती दोन मोकळी टोके चिमटीत पीठ घेऊन वरच्या बाजूला जोडून टाकेल.